शेवटचे दोन व्हायोलिन

अमरावती, १९ जानेवारी २०२५

प्रिय सुगत,
जय भीम.

तू मोबाईल विहाराच्या कपाटात ठेवून दिलास, हे मला दीपमालाने सांगितलं. तुझी बहीण परतवाड्याहून मला रोज फोन करते, आणि मी रोज तुझ्यावरून तिच्याशी भांडतो. घरात तेवढंच काय ते बोलणं चालू आहे. पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी जन्माचा माईकवाला. जे सांगायचं ते कर्ण्यातून साऱ्या वस्तीला सांगून मोकळा.

आधी कामाचं. तुझ्या भंतेजींचा निरोप आला. आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणाला भिक्खू करता येत नाही, असा नियम आहे म्हणे. तुझी आई गेली, तेव्हा परवानगी द्यायला मी एकटाच उरलो. तर ऐक, परवानगी नाही. हे मी रागात लिहीत नाही. सकाळचा चहा पिऊन, चष्मा पुसून, थंड डोक्याने लिहितो आहे.

तू दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर केलंस, डोकं भादरलंस, तेव्हा मी कौतुकाने फोटो मोठा करून भिंतीवर लावला. वाटलं, दहा दिवसांत पोराची हौस फिटेल. पण तू अकोल्याची नोकरी सोडून तिथल्याच, शिबिराच्या विहारात राहायला गेलास. भंतेजींना माझं वंदन सांग, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात चीवराचा मान आहे. पण दुसऱ्याच्या पोराच्या अंगावरचं चीवर वेगळं आणि आपल्या पोराच्या अंगावरचं वेगळं. या वयात ते मला लपवता येत नाही.

राहिला तुझा पेन ड्राइव्ह. एसटी स्टँडवर तू माझ्या हातात कोंबलास. म्हणालास, "बाबा, मले जे सांगाचं हाय ते याच्यात हाय. एकडाव शेवटपर्यंत ऐका." मी म्हटलं, "मंग तोंडानं सांग ना, तोंड काय भाड्यानं देल्लं?" तेवढ्यात गाडी लागली आणि तू चढलास.

लावून पाहिला. त्यात तुझं ते पंचेचाळीस नंबर आहे. बाकी सारे साऊंडवाले "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करून बॉक्स तपासतात, आणि माझं पोरगं तपासायचं हायडन नावाच्या कोण्या परदेशी माणसाच्या पंचेचाळीस नंबरच्या सिंफनीवर, नुसत्या वाद्यांच्या. म्हणायचास की यात बारीक आणि जाड, दोन्ही आवाज आहेत, मशीनची खोट लगेच पकडते. हळदीच्या मांडवात बाया विचारायच्या, "देवमनभाऊ, हे कोणाच्या घरचं रडनं लावलं?" मला तेव्हा फार लाज वाटायची.

ऐकतो. पण ऐकल्याने काही बदलेल अशी आशा ठेवू नकोस.

तुझा बाबा

•

अमरावती, २ फेब्रुवारी

प्रिय सुगत,
जय भीम.

तुझं पंचेचाळीस नंबर ऐकलं. रेकॉर्डिंग खराब आहे.

ऐकायचं तर नीट ऐकावं म्हणून समोरच्या खोलीत दोन मोठे बॉक्स मांडले. "संध्या साऊंड सर्व्हिस" ही अक्षरं फिकी पडली आहेत, तुझ्या आईच्या नावावर पुन्हा रंग मारला पाहिजे. मध्ये खुर्ची टाकली, मशीन बाजूला घेतली, हात आवाजाच्या बटणावर.

सुरुवातीलाच भांडण. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सारे एकदम अंगावर येतात. मला ते आवडलं, आपल्या घरातल्यासारखं वाटलं. त्या भांडणाच्या मधोमध एक चाल येते, अगदी साधी, मऊ. मी वाट पाहत बसलो की ती पुन्हा येईल. चांगली चाल माणूस पुन्हा वाजवतोच. ती आली नाही. त्या साऱ्या गोंधळात ती एकदाच येते आणि जाते. हे रेकॉर्डिंगवाल्याने कापलं की मुळातच असं आहे, ते मला कळव.

दुसरा भाग इतका हळू की व्हायोलिनवर कोणी रुमाल टाकला असावा. मी आवाज वाढवला. तिसऱ्यात जरा नाच आहे. चौथा जोरात पळतो, पळता पळता मध्येच थबकतो, आणि कोणाला न विचारता एक संथ गाणं सुरू होतं. तिथून पुढे सारा घोळ. आवाज गळायला लागतो. मी वाढवतो, तो पुन्हा गळतो. नंतर तर बेसच गेला. मी म्हटलं, झालं, वूफर उडाला. गाणं बंद करून बॉक्स खोलला. वूफर ठणठणीत. वायर बदलली, पिन घासली, पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्याच जागी बेस गायब.

शेवटी बटण पार टोकाला नेलं तेव्हा कुठे दोन व्हायोलिन ऐकू आले, आणि त्यांच्याहून जास्त मशीनची स्वतःची सूं सूं. मग तेही बंद. मी कान देऊन बसलो की अजून काही येईल. आलं ते पेन ड्राइव्हवरचं पुढचं, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीचा ढोल, आणि बटण टोकाला. शेजारचे नत्थुजी धोतर सावरत दारात. "देवमनभाऊ, आमच्या भिताडाचे पोपडे पडून राहिले. जयंतीले तं लय टाइम हाय ना अजून?" मी त्यांना चहा पाजला. त्यांनी तुझं विचारलं. मी म्हटलं, अकोल्याला आहे. ते खोटं नाही.

तेव्हा दुसरी चांगली कॉपी पाठव. आणि परवानगीचं विचारशील तर, नाही.

तुझा बाबा

•

अमरावती, २३ फेब्रुवारी

सुगत,
जय भीम.

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझ्या आईनंतर भाकरी मीच थापतो, तुला माहीत आहे. आज दुपारी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि नुसतं बसवेना म्हणून तुझं पंचेचाळीस नंबर लावून दिलं. शेवटच्या भागापर्यंत आलो तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. आवाज गळायला लागला. हात आपोआप उठला आणि तिथेच थांबला. ओल्या हाताने मशीनला शिवायचं नाही. हा माझाच नियम. लहानपणी याच्यासाठी तू माझ्या किती चापट्या खाल्ल्यास. मी तसाच परातीसमोर बसून राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, आवाज कमी होतोय आणि मी काही करत नाहीये, असं झालं.

सुगत, ती माणसं उठून जात आहेत.

रेकॉर्डिंग खराब नाही. आधी एक पिपाणीसारखं वाद्य आपलं थोडं वाजवून घेतं, आणि मग ते पुन्हा नाहीच. त्याच्याबरोबर एक कर्णा जातो. मग आणखी कोणी जाड्या घशाचा. बाकीचे वाजवतच राहतात, जणू काही झालंच नाही. तो बेस, ज्याच्यासाठी मी बॉक्स खोलला, तो जाण्याआधी खूप गडबड करतो. बाहेर निघालेला माणूस जसा किल्ली कुठे, चष्मा कुठे, असं साऱ्या घरात हिंडतो, तसा. आणि मग दार ओढून घेतो. त्याच्या मागून सारे एकेक करून. कोणी भांडत नाही, कोणी दार आपटत नाही. शेवटी दोघे उरतात. दोन व्हायोलिन, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखे. इतके हळू की मी श्वास धरला होता.

मी इतके दिवस काय करत होतो ते मला तेव्हा कळलं. एक माणूस उठला की मी उरलेल्यांचा आवाज वाढवत होतो. त्यामुळे कोणी गेल्याचं मला कळतच नव्हतं. फक्त शेवटी मशीनची सूं सूं कानावर यायची, आणि मी समजायचो की वायर गेली.

पीठ हातावर वाळलं. भाकर केली नाही. शिळी पोळी होती, ती दुधात कुस्करून खाल्ली.

असं वाजवणं कोणी का बनवेल? लोक पैसे देऊन ऐकायला येतात आणि हा त्यांच्यासमोरून एकेक माणूस उठवून लावतो. मला समजावून सांग. माझा नकार तसाच आहे, पण हे समजावून सांग.

बाबा

•

अमरावती, ९ मार्च

सुगत,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. तू आधीच कमी बोलायचास, आता तर चीवर मिळण्याआधीच मौन धरलेलं दिसतं.

गोष्ट वाचली. एक राजा होता, त्याच्या पदरी वादक होते. उन्हाळ्यात राजा त्यांना आपल्या दूरच्या महालात घेऊन जायचा, आणि त्या वर्षी त्यांना घरी परत सोडायचं नावच घेईना. त्यांच्या बायका, पोरं मागे राहिली होती. राजाला तोंडावर सांगणार कोण? मग या हायडनने हे रचलं. वाजवताना ज्याचं झालं त्याने समोरची मेणबत्ती विझवायची, वाद्य उचलायचं आणि चालू लागायचं. राजाला इशारा समजला. त्याने साऱ्यांना रजा दिली. म्हणून याला निरोपाची सिंफनी म्हणतात, असं तू लिहितोस. आणि खाली नुसतं, "बाबा, ऐकलं त्याचे आभार."

बरं. म्हणजे तू वादक आणि मी राजा. मी रात्रंदिवस कर्णे बांधून तुला शिकवलं, आणि आता तू मला राजा करतोस.

पण तुझ्या इशाऱ्यात एक खोट आहे, आणि ती मी धरली आहे. ते वादक निघाले होते घरी. बायकापोरांकडे. तू निघालास घरातून. तुझी गोष्ट उलटी आहे, सुगत. ते कोणाला एकटं टाकून गेले नाहीत, ते आपल्या माणसांत गेले. तू सांग, तू कोणाकडे चाललास?

आणि राजाच शोधायचा तर आपल्या घरात एक राजा आधीपासून आहे. शुद्धोदन, बुद्धांचे वडील. विहारात लहानपणापासून ऐकत आलो. आधी पोरगा गेला, मग नातू राहुलही गेला, तेव्हा तो म्हातारा बुद्धांकडे गेला आणि म्हणाला, यापुढे आईबापाला विचारल्याशिवाय कोणाचं लेकरू घेऊ नका. बुद्धांनी ते मानलं. आज ज्या नियमाने तू माझ्या दारात अडलास तो नियम एका बापाच्या रडण्यातून आला आहे. तेव्हा एक राजा म्हणतो सोड, एक म्हणतो विचारल्याशिवाय नेऊ नका. मी माझ्या राजाचं ऐकणार.

मला दुःख होतं, सुगत. हे मी गोलगोल न फिरवता लिहितो. संध्याकाळी दिवा लावायला मी उठतो तेव्हा तुझ्या आईची जागा रिकामी असते आणि तुझीही. तिला नेताना तर मला कोणी विचारलंच नाही. तुला नेताना मला विचारावंच लागतं, तो हक्क मी का सोडू?

बाबा

•

अमरावती, ३० मार्च

सुगत,
जय भीम.

दीपमाला आली होती. आल्या आल्या तिने माझ्या डब्यांतली कीड पाहिली, मला चार शब्द सुनावले आणि सारं धान्य उन्हात घातलं. मग तुझं पंचेचाळीस नंबर मी तिला ऐकवलं. बटणाला हात लावू दिला नाही. कोण कुठे उठतं ते मी बोटाने दाखवत होतो. शेवटचे दोन उरले तेव्हा ती रडायला लागली. मी म्हटलं, "काहून रडतं? गाणंच तं हाय."

ती म्हणाली, "बाबा, एक गोठ सांगू? आईनं त्याले हो म्हटलं होतं."

मी म्हटलं, केव्हा?

"दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात. तुमी तिथंच होते, खाटेपाशी. सुगतनं तिले विचारलं. आई म्हणे, जाऊ द्या त्याले, त्याचं मन नाही इथं. तुमाले ऐकू नाही आलं. तुमी म्हटलं, जोरात बोल, काईच ऐकू येऊन नाही राह्यलं. मंग आई तुमच्याकडं पाहून हासली अन् चूपच बसली."

मला ते आठवतं. तिचं हसणं आठवतं. मला वाटलं, पाणी मागत होती. मी पाणी दिलं आणि तिने ते दोन घोट प्यायलं. सुगत, तिने मुकाट्याने ते पाणी प्यायलं.

मी दीपमालाला विचारलं, मग त्याने मला हे सांगितलं का नाही? आईचा शब्द पुढे केला असता तर मी काय बोलणार होतो? ती म्हणाली, "तो म्हणे, आईचं होतं ते आईनं देल्लं. बाबाचं बाबानं द्यावं. आईच्या नावानं त्याहिच्यावर जोर नाही टाकत मी."

त्या आठवड्यात तू तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायचास. आम्ही बाकीचे तिला आवाज वाढवायला सांगत होतो. तिच्यात वाढवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागच्या पत्रात मी विचारलं होतं, तू कोणाकडे चाललास. त्याचं उत्तर मला अजून माहीत नाही. पण ते तुझ्या आईला कळलं होतं, आणि ती माणसं ओळखण्यात कधी चुकली नाही, एक माझा अपवाद सोडला तर.

तर लिहून देतो. मी देवमन, राहणार अमरावती, माझा मुलगा सुगत याला भिक्खू होण्याची परवानगी देतो. कोणी जोर केला नाही. त्याच्या आईची परवानगी आधीच झालेली आहे, ती मी उशिरा ऐकली.

भंतेजींना एवढंच सांग की त्या दिवशी माईक माझा राहील. भाड्याचा साऊंड लावला तर मी परवानगी परत घेईन.

बाबा

•

अमरावती, १५ मे

वंदामि भंते,

आपल्याला काय म्हणायचं याची मी घरी तालीम केली होती. आरशासमोर उभं राहून "भंते" म्हणून पाहिलं. पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या दिवशी आलं नाही.

बुद्ध पौर्णिमेच्या त्या उन्हात, अकोल्याच्या तव्यावर, सारं पार पडलं. दीपमालाला घेऊन मी कालच घरी पोचलो. बॉक्सवरच्या नावाला निघायच्या आधी नवा रंग मारला होता, आपण पाहिलं असेल. वंदनेच्या वेळी मी तीनदा वाकलो. तिसऱ्यांदा गुडघे उचलेनात. मला भीती होती की आपण सवयीने माझा दंड धरून मला उठवाल. आणि थोडी आशाही होती. आपण धरला नाही. नजर खाली ठेवली. योग्यच केलं. मला खुशालराव मंडपवाल्यांनी उठवलं.

दुःख कमी झालं असं नाही. खोटं कशाला लिहू. अजूनही सकाळी दोन कप चहा टाकतो आणि एक ओतून देतो. भिंतीवरचा शिबिराचा फोटो काढला नाही, त्यातलं पोरगं माझं आहे. पंचेचाळीस नंबर रोज लावत नाही, रविवारी लावतो. भांडणातली ती एकदाच येणारी चाल मला आता वेळेवर सापडते. ती आली की मी संध्याचं, आपल्या आईचं, नाव घेतो. शेवटी ते दोघे थांबले की मशीन लगेच बंद करत नाही. पुढचा मिरवणुकीचा ढोल पेन ड्राइव्हवरून काढून टाकला आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. आपण संघासमोर हात जोडून बसलात, आणि मोठे भंतेजी पालीत एकेक प्रश्न विचारू लागले, लोकांसाठी मराठीत अर्थ सांगू लागले. आम्ही सारे सीमेबाहेर, भिक्खूंसाठी आखलेल्या जागेच्या बाहेर, मांडवात. मी मशीनपाशी. त्यांनी विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे का? तोवरची सारी उत्तरं आपण खणखणीत दिली होती. या एका उत्तराला, पालीत नुसतं 'होय' म्हणायच्या दोन शब्दांना, आपला आवाज बसला. "आम भंते." इतकं हळू, की माईकनेही जेमतेम उचललं.

मागून वस्तीतल्या इंदूबाई म्हणाल्या, "काय म्हटलं त्यानं? आईकूच नाही आलं. वाढवा ना जरासा, देवमनभाऊ."

माझा हात बटणावर होता. मी म्हटलं, "मशीन फुल हाय, बाई."

पंचशील घेतलेल्या माणसाने भर विहारात खोटं बोलू नये. त्याचं काय करायचं ते आपण ठरवा. पण मागे कोणालाही ऐकू आलं नाही.

मला आलं.

आपला उपासक,
देवमन
संध्या साऊंड सर्व्हिस